वाचनालयाचं वेब ॲप: सुरुवात एका विनंतीपासून

रविवारी माझ्याकडे वेब प्रोग्रॅमिंग शिकायला येणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, आधी रिॲक्ट शिकू की जँगो?" दोन्ही वेब ॲप बनवण्याची तयार साधनं, पण मी त्यांपैकी कशाचंच नाव घेत नाही. त्यांना क्रोम किंवा फायरफॉक्स उघडायला सांगते आणि एफ१२ ही कळ दाबायला लावते. जी खिडकी उघडते तिच्यात 'नेटवर्क' नावाचा भाग असतो. पुढचा तासभर आम्ही तिथेच असतो.

हा लेखही त्याच क्रमाने लिहिते आहे. आधी वेब चालतं कसं ते बघायचं, मग एक लहानसं पण पूर्ण ॲप उभं करायचं. उदाहरण तालुक्याच्या वाचनालयाचं घेते, कारण सांगली जिल्ह्यातल्या एका वाचनालयासाठी मी असं ॲप लिहिलंय आणि तिथले ग्रंथपाल ते रोज वापरतात. दाखल नोंदवही, सभासद आणि देवघेव, एवढाच त्याचा पसारा. पायथनची तोंडओळख असेल तर तुम्हाला पुढचं सगळं जमेल.

आधी नुसतं बघा

नेटवर्कचा भाग उघडा ठेवा आणि पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत 'इन्फो डॉट सर्न डॉट सीएच' टाइप करा. जगातलं पहिलं संकेतस्थळ या पत्त्यावर होतं आणि त्याची जुनी प्रत सर्नने तिथे जपून ठेवली आहे. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९मध्ये जिनिव्हाजवळच्या या प्रयोगशाळेत एक प्रस्ताव मांडला होता: वेगवेगळ्या संगणकांवर विखुरलेली माहिती दुव्यांनी एकमेकींना जोडायची. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्रज्ञान सगळ्यांसाठी विनाशुल्क खुलं केलं. आज कुणाची परवानगी न घेता, कुणाला पैसे न भरता आपण संकेतस्थळ उभारतो ते या निर्णयामुळे. मुलांना मी ही तारीख मुद्दाम सांगते.

पान अगदी साधं आहे, त्यामुळे नेटवर्कच्या भागात मोजक्याच ओळी दिसतील. पहिलीवर टिचकी मारा. तिथे दोन गोष्टी असतात: ब्राउझरने पाठवलेली विनंती आणि सर्व्हरने दिलेलं उत्तर. विनंतीत काय हवंय ते एका शब्दात असतं, 'गेट', म्हणजे 'दे'. त्यापुढे कुठलं पान, आणि खाली काही माहितीच्या ओळी: मी अमुक ब्राउझर आहे, मला अमुक भाषा चालते. उत्तरात आधी एक आकडा, २००, म्हणजे काम झालं. मग मजकूर कुठल्या प्रकारचा आहे ते सांगणाऱ्या ओळी आणि शेवटी मजकूर. या विनंती-उत्तराच्या नियमांना एचटीटीपी म्हणतात. त्याच्या अगदी पहिल्या रूपात विनंती म्हणजे फक्त एक ओळ होती, 'गेट' आणि पानाचा मार्ग. पुढे १९९७मध्ये १.१ आवृत्ती आली, २०१५मध्ये २ आणि २०२२मध्ये ३. वाहतुकीची पद्धत बदलत गेली, पण विनंती आणि उत्तराचा हा घाट आजही तोच आहे.

आता एखाद्या वर्तमानपत्राचं संकेतस्थळ उघडा. ओळींचा पाऊस पडेल. चित्रं, फॉन्ट, जाहिराती, मोजणी करणाऱ्या स्क्रिप्ट, सगळ्यांसाठी वेगवेगळ्या विनंत्या. एक पान म्हणजे एक विनंती हा समज इथेच जातो.

एंटर दाबल्यापासून पहिलं अक्षर येईपर्यंत

ब्राउझरला नाव माहीत असतं, जाळ्याला आकडे लागतात. नावावरून आकडे शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस, पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३मध्ये आखलेली. टर्मिनलमध्ये 'एनएसलुकअप' लिहून पुढे कुठल्याही संकेतस्थळाचं नाव द्या, त्याचा आयपी पत्ता समोर येईल. नाव मागून पुढे वाचलं जातं: आधी 'डॉट इन' कोण सांभाळतं ते, मग त्यातलं नेमकं नाव. एकदा मिळालेलं उत्तर काही काळ साठवून ठेवतात. म्हणूनच सर्व्हर बदलल्यावर काही लोकांना नवं पान दिसतं आणि काहींना तासन्‌तास जुनंच दिसत राहतं.

पत्ता मिळाला की जोडणी. दोन संगणकांची जोडणी जुळवणाऱ्या टीसीपीची एक फेरी, मग मजकूर गुप्त ठेवणाऱ्या टीएलएसची एक फेरी आणि त्यानंतर प्रत्यक्ष विनंतीची एक. फेरी म्हणजे जाऊन परत येणं. इथे भूगोल आडवा येतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. एका फेरीला १२५ मिलिसेकंद, तीन फेऱ्यांना ३७५, आणि केबल सरळ रेषेत टाकलेली नसते म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. अजून सर्व्हरने काम सुरूही केलेलं नाही! एचटीटीपी ३मध्ये पहिल्या दोन फेऱ्या एकत्र केल्या आहेत, तरी अंतर काही कमी होत नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाने गावच्या वाचनालयाची यादी उघडली तर हा वेळ त्याने मोजायचा, की रोज काउंटरवर बसणाऱ्या ग्रंथपालांनी? माझं उत्तर स्पष्ट होतं. सर्व्हर मुंबईतला घेतला.

नेटवर्कच्या भागात कुठल्याही ओळीचं 'टायमिंग' उघडलं की हे सगळे टप्पे वेगवेगळे दिसतात. ॲप हळू चालतंय अशी तक्रार आली की मी आधी तिथे बघते.

तुमचाच संगणक सर्व्हर होतो

एक नवा फोल्डर करा. त्यात 'इंडेक्स' नावाची एचटीएमएल फाइल ठेवा, वर मथळा आणि खाली चार-पाच पुस्तकांची यादी. फाइलच्या 'हेड' म्हणजे डोक्याच्या भागात मजकुराची सांकेतिक पद्धत यूटीएफ-८ आहे असं सांगणारी 'मेटा'ची ओळ नक्की लिहा. ती नसली तर मराठी मजकुराच्या जागी अर्थहीन चिन्हांची रांग दिसण्याची शक्यता असते.

पायथनमध्ये एक लहानसा सर्व्हर तयारच असतो. टर्मिनलमध्ये त्या फोल्डरात जाऊन पायथनला 'एचटीटीपी डॉट सर्व्हर' हे मॉड्यूल चालवायला सांगा, मग ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' आणि पुढे ८००० हा पोर्ट क्रमांक द्या. पान दिसेल. टर्मिनलकडे बघा: आलेल्या प्रत्येक विनंतीची एक ओळ तिथे उमटते. आता त्याच वायफायवरच्या मोबाइलमधून तुमच्या संगणकाचा आयपी पत्ता आणि ८००० टाका. फायरवॉलने विचारलं तर परवानगी द्या. मोबाइलवर पान उघडतं आणि लॅपटॉपवर नवी ओळ येते. सर्व्हर म्हणजे कुठल्यातरी थंडगार खोलीतलं वेगळंच यंत्र नसून विनंतीची वाट बघणारा एक प्रोग्रॅम आहे, हे या क्षणी पक्कं कळतं. मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

पण ही फाइल सगळ्यांना सारखीच दिसते. वेब ॲप तिथून सुरू होतं जिथे उत्तर विनंतीगणिक तयार होतं.

फ्लास्क आणि चार फंक्शनं

पायथनमध्ये वेब ॲप लिहायला मी फ्लास्क हे साधन घेते, कारण त्यात लपवाछपवी कमी आहे. एका मार्गाला एक फंक्शन बांधायचं: 'पुस्तके' या मार्गावर विनंती आली की हे फंक्शन चालवा आणि ते जे देईल ते उत्तर म्हणून पाठवा. आमच्या ॲपची सुरुवात चार फंक्शनांनी झाली: यादी, शोध, पुस्तक देणं, पुस्तक परत घेणं. माहिती ठेवायला एसक्यूलाइट. ते एका फाइलीत मावतं, वेगळा सर्व्हर चालवावा लागत नाही आणि तालुक्याच्या वाचनालयाचा भार आरामात पेलतं. तीन तक्ते: पुस्तके, सभासद, देवघेव. देवघेवीत दाखल क्रमांक, सभासद क्रमांक, दिल्याची तारीख आणि परत आल्याची तारीख. शेवटची तारीख रिकामी असेल तर पुस्तक बाहेर आहे. 'बाहेर आहे' असा वेगळा रकाना ठेवू नका. दोन ठिकाणी लिहिलेली एकच गोष्ट कधीतरी एकमेकींशी विसंगत होतेच.

शोधापाशी जरा थांबते, कारण मराठीत ॲप लिहिणाऱ्याला इथे जे लागतं ते इंग्रजी शिकवण्यांमध्ये सहसा सापडत नाही.

शोधाच्या चौकटीत 'पुस्तक' लिहून पाठवा आणि नेटवर्कच्या भागात पाठवलेला पत्ता बघा. टक्क्यांची चिन्हं, आकडे आणि इंग्रजी अक्षरं यांची लांबलचक माळ दिसेल. 'पुस्तक' या शब्दात युनिकोडच्या, म्हणजे लिप्यांमधल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, हिशेबाने सहा चिन्हं आहेत: प, उकार, स, हलन्त, त, क. यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे १८ बाइट, आणि पत्त्यात एक बाइट तीन अक्षरांत लिहितात, म्हणून ५४ अक्षरं. घाबरू नका, फ्लास्क ते आपोआप परत मराठीत आणतं. मात्र रकान्याला अक्षरांची मर्यादा घालताना हे ध्यानात ठेवा.

खरी अडचण पुढे आहे. 'दुसऱ्या' हा शब्द दोन कळफलकांवर दोन प्रकारे टाइप होतो: एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडणीचं चिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि कपाटात असलेलं पुस्तक शोधात मिळत नाही. 'ॲ'चंही तसंच: एक स्वतंत्र चिन्ह, किंवा अ आणि त्यावर चंद्र. पायथनमधलं युनिकोड एकसारखं करणारं तयार फंक्शन या दोन्ही जोड्या एक करत नाही. म्हणून एक छोटं फंक्शन स्वतः लिहा. कुठलं रूप ठेवायचं ते ठरवा, बाकीची त्यात बदलून घ्या, आणि हेच फंक्शन पुस्तक नोंदवतानाही चालवा आणि शोधतानाही. एकाच ठिकाणी चालवलं तर काहीच साधत नाही.

क्रमवारीतही असंच होतं. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसवला आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. एसक्यूलाइटला नुसतं 'क्रमाने दे' म्हटलं तर 'काळ' आधी आणि 'कावळा' नंतर येतो. मराठी शब्दकोशात याच्या उलट. क्ष आणि ज्ञ यांनी सुरू होणारी नावं क आणि ज मध्ये जाऊन बसतात. आयसीयू या प्रणालीत मराठीचे क्रमनियम आहेत, ते वापरून क्रम लावून घ्या. वर्षानुवर्षं शेवटच्या कप्प्यात 'ज्ञ' शोधणाऱ्या वाचकाला संगणकाचा क्रम शिकायला लावणं मला पटत नाही.

पाहणं वेगळं, बदलणं वेगळं

'गेट'ने फक्त पाहायचं. पुस्तक दिलं, परत घेतलं, सभासद काढला, असं काहीही बदलणार असेल तर 'पोस्ट' वापरायचं. हा नुसता शिष्टाचार नाही. २००५मध्ये गूगलने वेब ॲक्सिलरेटर नावाचं साधन आणलं. ते पानावरचे दुवे वापरणाऱ्याच्या आधीच उघडून ठेवायचं, म्हणजे वेग वाढावा. ज्या ॲपमध्ये 'काढून टाका' हा साधा दुवा होता, तिथे लोकांची माहिती पुसली जाऊ लागली. त्या साधनाने दुवा उघडला, सर्व्हरने सांगितलेलं काम केलं.

'पोस्ट'च्या उत्तरात थेट पान पाठवू नका. नोंद झाली की ३०३ हा आकडा आणि नवा पत्ता पाठवा. ब्राउझर तिकडे 'गेट' करून जातो. असं केलं नाही तर कुणीतरी पान ताजं करतो, ब्राउझरची 'पुन्हा पाठवू का?' ही सूचना न वाचता 'हो' म्हणतो आणि तीच नोंद दुसऱ्यांदा होते. संध्याकाळी सहाला देवघेवीच्या काउंटरवर गर्दी असते. तिथे सूचना वाचायला कुणालाच वेळ नसतो, आणि ते साहजिक आहे.

दोन काउंटरवरून एकाच क्षणी एकच पुस्तक दिलं गेलं तर? 'आधी तपासा, मग नोंदवा' असा कोड पुरत नाही, दोघांचीही तपासणी नोंदीआधी होऊ शकते. हे काम डेटाबेसवर सोपवा. परत आल्याची तारीख रिकामी असलेल्या ओळींमध्ये दाखल क्रमांक एकदाच येऊ शकतो, असा अंशतः लागू होणारा अनन्य निर्देशांक एसक्यूलाइटमध्ये करता येतो. एक ओळ लिहायची. दुसऱ्या काउंटरची नोंद नाकारली जाते आणि तिथल्या माणसाला तुम्ही नीट मराठीत सांगता: हे पुस्तक नुकतंच दुसऱ्या सभासदाला दिलं आहे.

वेबला स्मरण नसतं

प्रत्येक विनंती सर्व्हरला नवी. मघाशी लॉगिन कुणी केलं ते त्याला ठाऊक नसतं. नेटस्केपमध्ये काम करणाऱ्या लू मोंटुली यांनी १९९४मध्ये यावर कुकी काढली. सर्व्हर उत्तरासोबत एक छोटी चिठ्ठी देतो, ब्राउझर ती पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत परत दाखवतो. वाचनालयाच्या ओळखपत्रावर जसा फक्त सभासद क्रमांक असतो आणि वर्गणी, अनामत, थकबाकी हे सगळं नोंदवहीत, तसंच इथे करा: चिठ्ठीत एक लांब, अंदाज न बांधता येणारा क्रमांक, बाकी सगळं सर्व्हरवर.

करून बघा. लॉगिन करा, त्याच एफ१२च्या खिडकीत 'ॲप्लिकेशन' किंवा 'स्टोरेज'मध्ये जाऊन कुकी पुसा आणि पान ताजं करा. तुम्ही बाहेर. आणि हा क्रमांक दुसऱ्याच्या हाती लागला तर तो आत! म्हणून कुकीला तीन बंधनं घाला: स्क्रिप्टला ती वाचता येऊ नये, ती फक्त गुप्त जोडणीवरूनच जावी, आणि दुसऱ्या संकेतस्थळावरून आलेल्या 'पोस्ट'सोबत जाऊ नये. फ्लास्कमध्ये या तिन्हींसाठी एकेक सेटिंग आहे. पासवर्ड मात्र कधीही जसाच्या तसा साठवू नका. फ्लास्कसोबत येणाऱ्या वर्कझूगमध्ये त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड परत काढता येत नाही असं रूप, करणारं फंक्शन आहे, तेच वापरा.

बाहेरून आलेल्या कशावरही विसंबू नका

परतीच्या पानावर ५० रुपये दंड एका लपलेल्या रकान्यात ठेवून फॉर्मसोबत पाठवला, असं समजा. एफ१२ दाबून कुणीही तो शून्य करू शकतो, त्यासाठी हॅकर असावं लागत नाही. दंड सर्व्हरने तारखांवरून पुन्हा काढायचा. ब्राउझरमधली तपासणी वापरणाऱ्याच्या सोयीसाठी असते, सुरक्षेसाठी सर्व्हरवरची.

डेटाबेसशी बोलायची भाषा म्हणजे एसक्यूएल. तिच्या वाक्यात बाहेरून आलेला मजकूर चिकटवू नका. वसईच्या एखाद्या सभासदाने आपलं आडनाव इंग्रजीत लिहिलं, डी, वर स्वल्पविराम आणि मग सूझा, तरी त्या एका चिन्हाने वाक्य मोडतं. भल्या माणसाच्या नावाने जे मोडतं ते वाईट हेतूने आलेला माणूस हवं तसं वाकवतो, मग त्याला अख्खा सभासदांचा तक्ता वाचता येतो. वाक्यात प्रश्नचिन्ह ठेवा आणि मूल्यं वेगळी द्या. सगळीकडे, अगदी 'इथे तर फक्त आकडाच येतो' अशी खात्री असेल तिथेही.

तसंच अभिप्रायाच्या चौकटीत कुणी मजकुराऐवजी स्क्रिप्ट लिहिली आणि तुम्ही ती तशीच पानावर दाखवली, तर ती प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालते. फ्लास्कच्या एचटीएमएल साच्यांमध्ये असा मजकूर आपोआप निष्प्रभ होतो. ती सोय बंद करणारा 'सेफ' हा शब्द साच्यात दिसला की मी मुलांना त्याचं कारण विचारते, आणि बहुतेक वेळा तो शब्द निघून जातो.

जगाला उघडताना

फ्लास्कचा आतला सर्व्हर शिकण्यापुरता आहे. डीबग, म्हणजे चुकांचा तपशील पानावरच दाखवणारी सोय, चालू ठेवून तो कधीही बाहेर उघडू नका. त्याऐवजी ॲप खऱ्या वापरासाठी चालवणारा गुनिकॉर्न ठेवा, त्याच्यापुढे बाहेरच्या विनंत्या घेणारा एनजिनएक्स. गुप्त जोडणीसाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून विनामूल्य मिळतं आणि आपोआप नूतनीकरण होईल असं लावून ठेवता येतं. नाव देवनागरीत हवं असेल तर 'डॉट भारत'ही आहे, २०१४पासून. डीएनएससाठी ते आतून इंग्रजी अक्षरांत बदलतं, पण पाटीवर आणि वाचनालयाच्या पावतीवर मराठीच राहतं. माहितीची रोज एक प्रत दुसरीकडे न्या, आणि चालू फाइल नुसती कॉपी न करता एसक्यूलाइटची बॅकअपची आज्ञा वापरा, नाहीतर अर्धवट लिहिलेली प्रत हाती येऊ शकते.

आणि रिॲक्ट? १९९५मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी जावास्क्रिप्ट लिहिली तेव्हापासून पानाला स्वतः काम करता येतं, पुढे स्वतः विनंती पाठवताही येऊ लागली. रिॲक्ट त्यावरच उभं आहे. त्याची विनंतीसुद्धा नेटवर्कच्या त्याच भागात दिसते, तोच 'गेट', तोच 'पोस्ट', तेच आकडे. आता खुशाल शिका.

काही बिघडलं तर या क्रमाने बघत जा. विनंती ब्राउझरमधून निघाली का? निघालीच नसेल तर दोष पानातल्या जावास्क्रिप्टचा, 'कन्सोल'मध्ये लाल ओळ शोधा. निघाली, पण उत्तरात ४०४ आलं, तर मार्ग चुकलाय. ४०३, तर ओळख पटली तरी परवानगी नाही. ३०४ म्हणजे ब्राउझरकडे आधीच असलेली प्रत चालेल असं सर्व्हर म्हणतोय. बदललेली फाइल दिसत नसेल तर इथे बघा. ५०० आलं की ब्राउझर बंद करून सर्व्हरचा लॉग उघडा आणि सगळ्यात खालची ओळ आधी वाचा, पायथन नेमकी चूक तिथे लिहितं. आणि २०० येऊनही यादी रिकामीच असेल तर डेटाबेस उघडून तीच क्वेरी हाताने चालवा, आणि शोधलेल्या नावातला ऱ्या कुठल्या प्रकारे टाइप झालाय ते तपासा.